कानावरची गाठ, गालावरचा डाग

अकरा मे. कोकमाच्या सोलांना शेवटचा रस दाखवायचा होता. रातांबे फोडून बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून परत त्याच रसात टाकायची. असं काही दिवस केलं की सोल काळं पडतं आणि वर्षभर टिकतं. मधला एक दिवस चुकला तर बुरशी धरते. रोज दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं होतं, म्हणून मी सकाळीच घरापुढच्या खळ्यात ताडपत्री पसरून बसले होते. हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

पुतणी समोरच्या पडवीतून उतरून आली. माझ्या धाकट्या दिराची मुलगी. आमची घरं दोन आहेत, खळं एकच. तिच्या हातात माझीच प्रवासाची बॅग होती.

"काकी, हिची चेन अडाकता."

मी म्हटलं, मेणबत्ती घास तिच्यावर. ती तिथेच उभी राहिली. रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही असं तिला सांगितलं होतं. तिने केस कधी धुवायचे, बांगड्या काढायच्या का, हे सगळं मला विचारून झालं. मग मूळ मुद्द्यावर आली.

"फाल्या पयल्या गाडयेन जाऊचा आसा. तू येतंस मां?"

"येतंय म्हटलंय मां."

दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या एका क्लिनिकमध्ये तिच्या गालावरचा डाग कापून काढायचा होता. मला ते नको होतं. तसं माझं तिला आधी सांगून झालं होतं. पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता, आणि सोबत जायचं मी कबूल केलं होतं.

डाग पडला तो तिच्याच हाताने. जबड्याच्या हाडाजवळ तिला लहानपणापासून एक चामखीळ होती. तोंडवलीच्या समुद्रावर एका रिसॉर्टमध्ये तिला काऊंटरवर नोकरी लागली, तेव्हा तिला ती चामखीळ एकदम नकोशी झाली. आमच्याकडे बायका चामखिळीवर काजूच्या टरफलातलं तेल लावतात. काडीच्या टोकाने, ठिपक्याएवढं. ते तेल कातडी जाळतं हे काजू फोडणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं, हाताला राख फासल्याशिवाय कोणी ओल्या काजूला हात लावत नाही. हिने कापसाने लावलं आणि वरून पट्टी चिकटवली. सकाळी पट्टीच्या आकाराचा फोड होता. फोड फुटला, खपली धरली, खपली पडली. इथवर काही विशेष नव्हतं. पण पुढच्या काही महिन्यांत त्या जागी कातडी वर यायला लागली. लालसर, तुकतुकीत, हाताला टणक. मूळ जखमेपेक्षा मोठी झाली तरी थांबेना. खाजायची.

काऊंटरवर आलेले पाहुणे विचारायचे. काही जण न विचारता बघायचे. मग व्यवस्थापकाने तिला आत घेतलं. चादरी-टॉवेल मोजायचे, धुलाईला पाठवायचे, आलेले परत लावायचे. पगार तोच ठेवला. तुझ्यासाठीच केलं, लोक काहीबाही बोलतात, असं तो म्हणाला. गणवेश राहिला. छातीवरची नावाची पट्टी मात्र परत मागून घेतली, कारण आत नावाची गरज नसते. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. जेवली आणि मोबाईल घेऊन बसली. त्या मोबाईलमध्येच तिला ते क्लिनिक सापडलं.

घरात कोणाला काही झालं की पिशवी मी उचलते. माझ्या नवऱ्याला दवाखान्याचा वास सोसत नाही, दिराला रांगेत राग येतो आणि जाऊबाई डॉक्टरसमोर बसली की सगळ्याला हो म्हणते. सासूबाईंचा गुडघा, दिराचा मूतखडा, माझं स्वतःचं पित्ताशय, सगळीकडे मीच हिंडले आहे. गेल्या काही वर्षांत एक फरक पडलेला मी पाहिला. पूर्वी पहिला प्रश्न कुठे दुखतं असा असायचा. आता मेडिक्लेम आहे का असा असतो. आपण हो म्हटलं की आजार मोठा होतो, नाही म्हटलं की डॉक्टरच्या आवाजातला रस जातो. याचा राग यायचा तो आता येत नाही. कंटाळा येतो.

तर एप्रिलमध्ये आम्ही दोघी पहिल्यांदा तिकडे गेलो. सावंतवाडीला गाडी बदलली. इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती, तिथे अर्धा वेळ गेला. क्लिनिक मात्र खरंच चांगलं होतं. थंडगार, स्वच्छ, कोणी ओरडत नव्हतं. आल्याबरोबर पाणी दिलं. सरकारी दवाखान्यात मला इतक्या वर्षांत कोणी पाणी विचारलेलं नाही, हे मी इथे नोंदवते. भिंतीवर चेहरे होते, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या चेहऱ्यांवर उजेड कमी होता.

आधी एका मुलीने आम्हाला बसवून घेतलं. तिला तिथे कौन्सेलर म्हणत होते. काळा कोट, व्यवस्थित मराठी. तिने पुतणीच्या हातात आरसा दिला आणि विचारलं, तुम्हाला स्वतःच्या चेहऱ्यात काय बदलावंसं वाटतं. पुतणीने डागाकडे बोट दाखवलं. ती मुलगी म्हणाली, ते तर आहेच, आणखी? आरसा हातात असला की माणसाला आणखी काहीतरी सापडतं. पाच मिनिटांत पुतणीचं नाक रुंद झालं होतं. जन्मापासून ते नाक तिथेच होतं, सासूबाईंचं नाक, आमच्या घरात सगळ्यांना आहे. त्याबद्दल तिला कधी काही वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टर आले. वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी डागावर बोट फिरवलं आणि सांगितलं की हा भाग कापून बारीक टाके घालू, एका दिवसाचं काम. नाक त्याच वेळी केलं तर भूल एकदाच लागेल. पुतणी ऐकत होती. तिचा चेहरा सैल पडत चालला होता, हे मला दिसत होतं. वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी तिला होईल असं सांगत होतं.

मला तिचा कान आठवला. कॉलेजात असताना हिने मैत्रिणींबरोबर वरचा कान टोचून घेतला होता. त्या भोकाच्या मागे आधी तिरफळाएवढी गाठ आली, मग बोराएवढी झाली. सोनाराची सुई वाईट होती असं सगळ्यांनी ठरवलं आणि हिने तेव्हापासून केस मोकळे सोडायला सुरुवात केली. मला काही वैद्यक कळत नाही. पण एकाच पोरीच्या अंगावर दोन जागी जखम झाली आणि दोन्ही जागी कातडी वाढली, एवढं तर कोणालाही दिसलं असतं. मी डॉक्टरांना म्हटलं, हिचा कान बघा. पुतणी माझ्याकडे रागाने बघत राहिली. मी तिचे केस बाजूला केले.

डॉक्टरांनी कान बघितला. गाठ दोन बोटांत धरून पाहिली. मला वाटलं, आता विचार बदलतील.

"हरकत नाही," ते म्हणाले. "हेही त्यातच करून टाकू."

मी विचारलं, कापल्यावर परत येणार नाही ना. ते म्हणाले, प्रत्येकाची स्किन वेगळी असते, ताई. एवढं बोलून ते उठले. बाहेर कौन्सेलरने गाल आणि नाकाच्या यादीत कानही घातला. शेजारच्याच टेबलावर कर्ज देणारा मुलगा बसला होता, आधार कार्ड आहे का विचारत. क्लिनिकमध्येच. मी विचार करून सांगते म्हटलं. पुतणीने बारा मे तारीख घेऊन ठेवली.

परतीच्या गाडीत, बांद्याच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, "कान कित्याक दाखवलंस? माका लाज वाटली."

मी म्हटलं, कानामुळेच कळेल गालाचं काय होणार ते. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी जाऊबाईने देवाला कौल लावला. आमच्या गावी लग्न, जमीन, म्हैस, काहीही असो, देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं आणि देवाच्या अंगावर लावलेली फुलाची पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची ते बघायचं. उजवीकडची पडली, म्हणजे देवाचा होकार. जाऊबाई प्रसाद घेऊन नाचत आल्यासारखी आली. आता डॉक्टर एका बाजूला, देव त्याच बाजूला, आणि मी एकटी उरले. मी तिला विचारलं, देवाला विचारलंस काय ते तरी सांग. ती म्हणाली, ऑपरेशन नीट होवदे, चेडू सुखरूप घरी येवदे, असं गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"मगे देवान बरोबरच सांगल्यान," मी म्हटलं. "ऑपरेशन नीटच होतला. डाग परत येतला काय, ता खंय इचारलंस?"

जाऊबाई म्हणाली, माझी जीभ काजूच्या तेलाची आहे. आमच्या दोघींचं हे नेहमीचंच. पण तिने त्यानंतर मला एवढं कबूल केलं की एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. पुतणीने अट घातली. दुसरा डॉक्टर काहीही म्हणाला तरी तारीख बदलायची नाही, आणि बाराला मी तिच्याबरोबर गोव्याला जायचं. मी हो म्हटलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. चामडीच्या विभागात एकच डॉक्टरीण होती आणि बाहेर खरुज-नायट्यांची मोठी रांग. पंखा होता, तो पोलिसासारखा मान फिरवत होता आणि आमच्याकडे येईपर्यंत परत वळत होता. नंबर लागेपर्यंत पुतणीने मला चारदा तरी सांगितलं की आपण उगाच आलो. आत गेल्यावर डॉक्टरणीने मान वर न करता विचारलं काय झालंय. मग वर बघितलं. गालावर नजर गेल्याबरोबर तिने विचारलं, कान टोचल्यावर गाठ आली होती का.

आम्ही कानाचं काही बोललोच नव्हतो. पुतणीने स्वतःच केस बाजूला केले.

डॉक्टरीण म्हणाली, याला केलॉइड म्हणतात. काही लोकांची कातडी जखम भरली तरी भरायची थांबत नाही. त्यात नुसतं कापलं तर नवी जखम होते, आणि ती पुन्हा तशीच भरते, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठी. उपाय म्हणजे गाठीतच इंजेक्शन द्यायचं, महिन्याच्या अंतराने, कितीतरी महिने. कापायचं झालंच तर नंतर ही इंजेक्शनं लागतातच. मी गोव्याच्या तारखेचं सांगितलं, तशी तिने विचारलं, तुम्हाला तिकडे हे सांगितलं का?

नव्हतं सांगितलं.

"इंजेक्शनाने जाईल?" पुतणीने विचारलं.

"बसेल. खाज थांबेल, सपाट होईल, रंग उतरेल. पूर्वीसारखी कातडी होणार नाही. आणि दुखतं, ते आत्ताच सांगते."

मी म्हटलं, तुम्ही असं सांगितलंत तर कोण येणार तुमच्याकडे. ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, म्हणून तर मी इथे आहे. मग तिने सांगितलं की इंजेक्शनाचा साठा संपलाय, बाहेरच्या मेडिकलमधून आणावं लागेल, आणि इंजेक्शनं ठरावीक वारीच देतात. पुढचा वार बारा तारखेला येत होता. तिने ते चिठ्ठीवर लिहिलं आणि पुढच्या नंबराला हाक मारली. आमचं काम संपलं होतं. थंड पाणी नाही, आरसा नाही, एकदाही मॅडम म्हटलं नाही. पुतणीला तिचं म्हणणं पटलं नाही याचं मला नवल वाटलं नाही. एकीकडे एका दिवसाचं काम होतं आणि दुसरीकडे कितीतरी महिने.

म्हणून अकरा तारखेला बॅग भरणं चाललं होतं आणि मी सोलं उलटत होते.

दुपारी आभाळ आलं. मी ताडपत्री गुंडाळून सोलं पडवीत घेतली. पाऊस काही पडला नाही, नुसता उकाडा वाढला. चहाच्या वेळेला ती परत आली आणि माझ्या शेजारी बसून सोलं रसात टाकायला लागली. न सांगता मदत करते तेव्हा तिला काहीतरी बोलायचं असतं.

"काकी, तुका वाटता मी नाकासाठी जातंय."

मी म्हटलं, मला नाकाचं काही वाटत नाही.

"नाक मी काढून टाकलंय यादीतसून. पयसे खंय आसत तेवढे." तिने आणखी एक सोल रसात बुडवलं. "तू म्हणतंस, डॉक्टरीण म्हणता, बरा होतला, हळूहळू होतला. माका बरा होवचा नाय गो. माका काऊंटरार बसूचा आसा. सीझन दिवाळेक सुरू होता. तोपर्यंत ह्या गेला नाय तर ते दुसरा चेडू घेतले, मगे मी कायमची चादरी मोजीत ऱवतलंय."

डॉक्टरीण खरं बोलली होती आणि व्यवस्थापक दिवाळीपर्यंतच थांबणार होता, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या माणसाला जाऊन चार शब्द ऐकवावेत असं माझ्या मनात एकदा आलं होतं. ऐकवून तिची आतली नोकरीही गेली असती. मी फक्त म्हटलं, दिवाळीला हा डाग आत्ता आहे त्याच्या दुप्पट होऊन आला तर काय करशील, ते ठरव. तेही तुझंच आहे, माझं नाही.

तिचा फोन वाजला. क्लिनिकमधली तीच मुलगी. पुतणीचे हात रसाने भरलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला आणि फोन पायरीवर ठेवला. तिकडून आठवण करून दिली, उपाशी पोटी या, सोबत एक माणूस आणा. नाकाचं तुम्ही रद्द केलंत, पण या महिन्यात नाकावर खास सवलत आहे, एकदा विचार करा. पुतणी कार्यालयातल्यासारखं मराठी बोलत होती. हो, नको, बरं. मग माझ्याकडे न बघता, हातातल्या सोलावर नजर ठेवून तिने विचारलं.

"मॅडम, एक विचारायचं होतं. कापल्यावर परत आलं तर?"

तिकडून जराही वेळ न घेता उत्तर आलं. ती मुलगी मनापासून, आनंदाने बोलत होती, तिला वाटलं असेल की ही चांगली बातमीच आहे.

"काळजी करू नका. परत आलं तर आपण परत करतो. आमच्या जुन्या पेशंटना दुसऱ्या वेळेला सूट असते."

"बरेच जण परत येतात का?"

"हो, येतात ना. आमच्याकडे पेशंट टिकून राहतात."

पुतणी बरं म्हणाली. फोन ठेवायला हात पुसावे लागले. मग ती पुन्हा सोलं बुडवत बसली, एकेक, नीट, दोन्ही बाजूंनी. जाऊबाई मध्येच पडवीत डोकावून विचारून गेली की प्रसादाचं फूल बॅगेत घालू का, आणि कोणी उत्तर दिलं नाही म्हणून फूल हातात धरूनच आत गेली.

पातेलं भरल्यावर पुतणी उठली. विहिरीवर जाऊन हात धुतले. कोकमाचा रंग एका धुण्यात जात नाही, तरी ती घासत राहिली. तिथूनच म्हणाली, "त्या डॉक्टरणीचो वार फाल्याच मां?"

मी म्हटलं, हो, फाल्याच.

"दुखता म्हटल्यान ना ती?"

"दुखता म्हटल्यान."

ती आत गेली. माझी बॅग तिने संध्याकाळीच आणून दिली, चेनला मेण लावलेली. जेवायला बसली तेव्हा पोटभर जेवली, माशाचं कालवण दोनदा घेतलं. जाऊबाईला तिने स्वतःच सांगितलं. जाऊबाई कौलाचं काय म्हणाली, तर पुतणी म्हणाली, देवाने सुखरूप घरी येऊ दे म्हटलंय, मी घरीच आहे. मला त्या दिवसात तेवढंच हसू आलं. पण ती हसली नव्हती. चेहऱ्यावरचा तो सैलपणा, एप्रिलमध्ये क्लिनिकात आलेला, गेला होता, आणि तो घालवण्यात माझाही हात होता हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोलं उन्हात घातली, जाऊबाईला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि पहिल्या गाडीने पुतणीला घेऊन रुग्णालयात गेले. आधी मेडिकलमधून इंजेक्शन घेतलं. रांगेत बसलो. नंबर लागल्यावर डॉक्टरणीने आम्हाला ओळखलं की नाही ते कळलं नाही. तिने विचारलं, कान आधी की गाल. पुतणी म्हणाली, गाल. मी तिच्या मागे उभी राहून तिचे केस दोन्ही हातांनी वर धरले. सुई आत गेली तेव्हा तिने खुर्चीचा दांडा पकडला, आवाज केला नाही. कानाच्या वेळी माझं मनगट पकडलं. अकरा वाजता आम्ही बाहेर आलो. तिने रजा रद्द करून दुपारची पाळी घेतली होती, म्हणून मी तिला तोंडवलीच्या गाडीत बसवून दिलं आणि सोलं उलटायला घरी आले.